चढ, उतार आणि वजनदार स्वार

महाड-पोलादपूरच्या माणसाला घाट चुकत नाही. सावित्रीच्या खोऱ्यातून भोरकडे जायचे तर वरंध घाट, महाबळेश्वरकडे जायचे तर आंबेनळी आणि खेडकडे जायचे तर कशेडी. कशेडीला अलीकडे बोगदा झाला, त्यामुळे एका घाटाचा त्रास कमी झाला एवढेच. परगावचे राहू द्या. रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला लग्नाला जायचे म्हटले तरी वाटेत चढण आहेच. महाड समुद्रसपाटीपासून थोडेसेच उंच, तर महाबळेश्वर १,३७२ मीटरांवर; आणि पोलादपूरहून तेथवरचे अंतर अवघे ४० किलोमीटर. शहरातल्या सपाट रस्त्यावर पारखलेली गाडी आणि आपण घाटात चालवायची गाडी यांची परीक्षा त्यामुळे एकाच मापाने होऊ शकत नाही.

या भागात दुचाकी घेऊ पाहणारा अंगाने भारी गृहस्थ एक प्रश्न हटकून विचारतो : "माझे वजन शंभराच्या पुढे. मला टू-स्ट्रोक गाडी झेपेल की फोर-स्ट्रोक?" ऐकणारे हसतात आणि प्रश्न तेथेच मिटतो. वस्तुतः हसण्यासारखे त्यात काही नाही. साठ किलोचा सडपातळ तरुण पत्नीला मागे बसवून पुढे तांदळाची गोणी घेतो, तेव्हा तोही वजनदार स्वारच झालेला असतो. स्वयंपाकाच्या गॅसचे भरलेले सिलिंडर ३० किलोंच्या आसपास भरते. दुधाचे कॅन, खताची पोती यांचा हिशेब वेगळाच. तेव्हा हा प्रश्न एका गृहस्थाचा नसून घाटात दुचाकी वापरणाऱ्या सर्वांचा आहे. त्याचे उत्तर शोधताना लोक नेहमी एकच गोष्ट पाहतात, आणि ती म्हणजे गाडी चढेल की नाही. आमच्या मते हे अर्धेच पाहणे झाले. तीच गाडी तेवढेच वजन घेऊन खाली कशी येईल, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. आणि या दोन जातींच्या इंजिनांतील खरा भेद तेथेच प्रकट होतो.

कोणी म्हणेल, टू-स्ट्रोकचा काळ संपला, आता ही चर्चा कशाला? १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे कडक नियम लागू झाल्यानंतर रस्त्यावर चालवायची नवी टू-स्ट्रोक दुचाकी दुकानात मिळत नाही, हे खरे. पण जुन्या गाड्या आहेत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपली, तरी तपासणी करून ती पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. काकांच्या पडवीतली चेतक, मामांची येझदी, कोणी हौसेने राखलेली आर.एक्स. १०० अशा गाड्या हातोहात फिरत असतात, आणि नव्या गाडीच्या किमतीपुढे त्यांचा मोह पडतो. निवड आजही करावी लागते; फक्त ती आता जुनी टू-स्ट्रोक आणि नवी फोर-स्ट्रोक यांच्यामध्ये आहे.

दोन धावा, चार धावा

इंजिनाच्या पोटात एक नळकांडे असते, त्याला सिलिंडर म्हणतात. आणि त्यात वरखाली धावणारा दट्ट्या, तो पिस्टन. पिस्टनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या जाण्याला इंग्रजीत स्ट्रोक आणि मराठीत धाव म्हणतात. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत घ्यावे, दाबावे, पेटवावे आणि जळलेला धूर बाहेर टाकावा, ही चार कामे प्रत्येक इंजिनाला करावीच लागतात. ती चार धावांत करावयाची की दोन धावांत उरकावयाची, एवढाच वाद आहे.

१८७६ साली जर्मनीत निकोलाउस ऑटो याने चार धावांचे इंजिन यशस्वी करून दाखविले. त्यात पहिल्या धावेत मिश्रण ओढले जाते, दुसरीत दाबले जाते, तिसरीत पेटून पिस्टन खाली ढकलला जातो आणि चौथीत धूर बाहेर पडतो. येण्याजाण्याच्या वाटांवर झडपा असतात आणि त्या ठरल्या वेळी उघडतात, मिटतात. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत जोर एकदाच मिळतो. पुढे काही वर्षांतच स्कॉटलंडच्या ड्युगाल्ड क्लार्कने दर फेरीला जोर देणारे इंजिन सिद्ध केले, आणि १८९१ च्या सुमारास इंग्लंडातील जोसेफ डे याने त्याला अतिशय सुटसुटीत रूप दिले. त्याने झडपा काढून टाकल्या. सिलिंडरच्या भिंतीला भोके ठेवली आणि पिस्टननेच येताजाता ती उघडावी व झाकावी अशी योजना केली. पिस्टनच्या खालची जी पेटी असते, तिचाच त्याने पंप केला. नवे मिश्रण आधी त्या पेटीत येते आणि तेथून वर ढकलले जाते. आपल्याकडच्या टू-स्ट्रोक स्कूटरी व मोटारसायकली याच घराण्यातल्या.

दोहोंतला फरक पंगतीच्या दृष्टांताने चटकन ध्यानात येतो. फोर-स्ट्रोकच्या घरी एक पंगत उठते, पत्रावळी उचलल्या जातात, जागा पुसली जाते आणि मग दुसरी पंगत बसते. वेळ लागतो, पण जो बसला तो जेवून उठतो. टू-स्ट्रोकच्या घरी पहिली पंगत उठते न उठते तोच दुसरी आत शिरते, आणि येणाऱ्यांच्या रेट्यानेच जाणारे बाहेर पडतात. काम दुप्पट वेगाने होते खरे, पण त्या गर्दीत काही नवे पाहुणे न जेवताच मागल्या दाराने बाहेर लोटले जातात. न जळता धुराड्यातून निघून जाणारे पेट्रोल ते हेच. जुन्या इंजिनांत काही वेळा हा वाटा चतुर्थांशापर्यंत जातो. टू-स्ट्रोकचे ॲव्हरेज कमी का आणि तिच्या धुराला उग्र वास का, याचे कारण येथे आहे.

दुसरा भेद तेलाचा. फोर-स्ट्रोकमध्ये तेल इंजिनाच्या तळाशी स्वतंत्र असते आणि इंजिन फिरत आहे तोवर ते सगळीकडे पोहोचत राहते. टू-स्ट्रोकमध्ये तळाची पेटी पंपाच्या कामात गुंतलेली असल्यामुळे तेथे तेल साठवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. साधारणपणे लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे पन्नासास एक. पेट्रोलबरोबर तेल आत जाते, पिस्टनला वंगण घालते आणि जळून निळसर धूर होऊन निघून जाते. याचा एक परिणाम वाचकांनी नीट लक्षात ठेवावा : पेट्रोल जितके आत जाईल तितकेच तेल आत जाईल. पुढे काही गाड्यांत तेलाची वेगळी टाकी व पंप आला, तेव्हा हा दोष पुष्कळ कमी झाला. पण मिश्रणावर चालणाऱ्या गाडीला हा नियम अटळ आहे. उताराच्या विवेचनात तो पुन्हा कामी येणार आहे.

आपल्याकडे दोघी कशा आल्या

मद्रासच्या एन्फील्ड इंडियाने १९५५ पासून बुलेटची जुळणी आपल्या देशात सुरू केली, ती फोर-स्ट्रोक. पण सामान्य माणसाच्या दारात आधी आल्या त्या टू-स्ट्रोक गाड्याच. राजदूत, म्हैसूरची जावा व पुढे येझदी, पुण्याच्या आकुर्डीतली बजाजची चेतक, आणि कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना. शेवटच्या दोन्ही १९७२ सालच्या आणि दोन्ही आपल्या महाराष्ट्रातल्या. भाग थोडे, किंमत बेताची, आणि दुरुस्ती एवढी सोपी की गावातला कारागीर झाडाखाली बसून तासाभरात इंजिनाचे डोके उतरवी. दूरच्या वाडीवर राहणाऱ्याला हा गुण किती मोलाचा आहे, ते शहरात राहून कळत नाही.

१९८५ साली दोन गाड्या बाजारात आल्या आणि हा वाद घरोघर पोहोचला. एक हिरो होंडाची सीडी १००, फोर-स्ट्रोक; दुसरी यामाहा आर.एक्स. १००, टू-स्ट्रोक. दोन्हींचे सिलिंडर १०० घनसेंटिमीटरांच्या आतबाहेरचे. पण पहिलीची शक्ती सात-साडेसात अश्वशक्ती, तर दुसरीची ११. एका बाजूला लिटरमागे चालणारे किलोमीटर, दुसऱ्या बाजूला चढावर उसळून जाणारी गाडी. धुरावरचे पहिले नियम १९९१ साली आले. ते १९९६, २००० आणि २००५ मध्ये कडक होत गेले, तसतशी टू-स्ट्रोकची पीछेहाट झाली, आर.एक्स. १०० तर १९९६ सालीच बंद झाली. ही हार शक्तीत झालेली नाही, धुरात झालेली आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. मात्र ज्या गावाची बाजारपेठ अरुंद आणि भोवती डोंगर, तेथे धूर कोंडून राहतो. तो दुकानात बसलेल्या माणसाने आणि रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलाने श्वासात घ्यावा लागतो. हा धूर गाडीच्या मालकाच्या खर्चात लिहिला जात नाही, म्हणून तो नसतो असे नाही.

चढाचा हिशेब

आता चढ पाहू. गाडी १०० किलोंची आणि स्वार ११० किलोंचा धरू. एकूण २१० किलो. घाटातला चढ पंधरास एक, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा माना. वेग ताशी ३० किलोमीटर. वर चढण्याचा जोर, टायरांचा विरोध आणि हवेचा विरोध यांची बेरीज केली, तर चाकाशी सुमारे सव्वादोन अश्वशक्ती लागते. तोच स्वार ६० किलोंचा असता, तर पावणेदोनच्या आसपास लागली असती. म्हणजे पन्नास किलोंच्या जादा वजनाची किंमत अर्ध्या अश्वशक्तीच्या आतच आहे!

हा आकडा पाहून पुष्कळांना नवल वाटेल. भारी माणसाला फार मोठे इंजिन लागते ही समजूत निदान चढापुरती खरी नाही. सात अश्वशक्तीची साधी गाडीही त्याला घेऊन आंबेनळी चढते. मग ती कुंथते का? कारण एकूण शक्ती पुरेशी असली, तरी ती इंजिनाच्या कोणत्या गतीला मिळते हे महत्त्वाचे आहे. वळणावर वेग पडतो, इंजिनाच्या फेऱ्या उतरतात, आणि नेमका त्याच वेळी जोर हवा असतो. आर.एक्स.सारखी चपळ टू-स्ट्रोक आपली सगळी शक्ती वरच्या फेऱ्यांत राखून ठेवते. तेथून खाली आली की ती एकदम निस्तेज होते. मग स्वार खालचा गिअर टाकतो, अर्धा क्लच दाबून रेस वाढवतो, आणि घाट संपेपर्यंत क्लचप्लेट जळल्याचा वास येऊ लागतो. चेतकसारखी सावकाश चालणारी टू-स्ट्रोक या बाबतीत बरी; तिचा जोर खालच्या फेऱ्यांतही टिकतो. फोर-स्ट्रोकचा जोर सामान्यतः अधिक समतोल असतो, आणि बुलेटसारख्या मोठ्या सिलिंडरच्या गाडीत तो अगदी हळू गतीतही मिळतो. भारी स्वाराला हवी ती ही चिकाटी.

दुसरी गोष्ट, हलक्या गाडीला जड स्वार अधिक जाणवतो. १०० किलोंच्या गाडीवर ६० ऐवजी ११० किलोंचा स्वार बसला, तर एकूण वजन ३१ टक्क्यांनी वाढते. जुन्या बुलेटचे वजन १६५ किलोंच्या घरात. तिच्यावर तोच बदल २२ टक्क्यांचा होतो. टू-स्ट्रोकचा मोठा गुण तिचा हलकेपणा. पण स्वार जसजसा भारी होत जातो, तसतशी त्या गुणाची किंमत घटत जाते.

तिसरी गोष्ट उष्णतेची. घाटात वेग कमी, म्हणून इंजिनाला लागणारा वारा कमी. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला ज्वलन होत असल्यामुळे पिस्टन अधिक तापतो. वैशाखात दुपारी दोघांना घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताणलेली जुनी टू-स्ट्रोक मध्येच जाम धरते, याचे हेच कारण. चौथी गोष्ट उंचीची. महाबळेश्वरला हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने विरळ असते, आणि दोन्ही जातींच्या इंजिनांची शक्ती त्याच प्रमाणात घटते. जुन्या कार्ब्युरेटरला ही विरळ हवा ओळखता येत नाही, म्हणून वर गेल्यावर पेट्रोलचे प्रमाण जास्त होऊन गाडी अडखळते. नव्या गाड्यांतील इंधन फवारणीची यंत्रणा मात्र हे प्रमाण आपोआप जुळवून घेते.

येथे बर्फाळ देशांतले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. कॅनडा व अमेरिकेत डोंगरांतल्या बर्फावर पट्ट्याने चालणाऱ्या लहान गाड्या असतात, त्यांना स्नोमोबाइल म्हणतात. कॅनडाच्या बोम्बार्डियरने १९५९ साली स्की-डू या नावाने तशी गाडी बाजारात आणली. तेथेही भारी स्वाराला हाच प्रश्न पडतो. आणि खोल भुसभुशीत बर्फासाठी तेथले पुष्कळ लोक अजून टू-स्ट्रोकच निवडतात. कारण तेथे गाडीचे वजन वाढले की ती बर्फात रुतते. स्वार भारी असेल तर गाडी तरी हलकी हवी. शिवाय मूठ सोडताच पट्टा आणि बर्फ मिळून गाडीला आवरतात, म्हणून उताराची चिंता थोडी. आपल्या डांबरी घाटात रुतण्याचे भय नाही आणि उताराचे भय पुष्कळ आहे. प्रश्न एकच, पण भूमी बदलली म्हणजे उत्तरही बदलते.

उताराचा हिशेब

जुन्या काळी घाट उतरताना बैलगाडीवाला चाकाला लाकूड दाबून धरी आणि स्वतः खाली उतरून बैलांच्या पुढे होई. चढापेक्षा उतार अवघड, हे त्याला ठाऊक होते. पेट्रोलच्या गाडीने चढ सोपा केला, आणि त्याबरोबर उतारही सोपा झाला असा आपला समज झाला.

हिशेब करून पाहू. पंधरास एक या उताराचा सहा किलोमीटरांचा तुकडा घ्या. गाडी ४०० मीटर खाली येते. वेग तोच, ताशी ३०. म्हणजे बारा मिनिटांचे काम. उतरताना मिळणारी ऊर्जा कोठे तरी गेलीच पाहिजे. काही हवा खाते, काही टायर खातात. उरलेली सगळी ब्रेकने आणि इंजिनाने पचवायची असते. आपल्या २१० किलोंच्या जोडीसाठी हा उरलेला भाग सरासरी ६८० वॅट येतो. घरातली विजेची साधी इस्त्री सलग बारा मिनिटे तापत ठेवावी, जवळजवळ तेवढी उष्णता! स्वार ६० किलोंचा असता, तर हाच आकडा ४७० वॅटच्या आसपास आला असता. म्हणजे एकूण वजन वाढले ३१ टक्क्यांनी, पण ब्रेकवरचा भार वाढला सुमारे ४५ टक्क्यांनी. कारण उघड आहे. वजन वाढले म्हणून हवा काही जास्त विरोध करीत नाही. वाढीव भार जवळजवळ सगळा ब्रेक आणि इंजिन यांच्याच वाट्याला येतो. मागे आणखी एक माणूस बसला, तर पुढचे गणित वाचकांनीच करावे.

ही इस्त्री कोठे तापते? जुन्या गाड्यांना ड्रम ब्रेक असतात. बंद डब्यात लायनर घासतात आणि उष्णता आतच कोंडते. लायनर फार तापले म्हणजे त्यांची पकड जाते; दांडी दाबली तरी गाडी पुढेच सरकत राहते. ब्रेक तुटलेला नसतो, थकलेला असतो. पण वळणावर दोहोंचा परिणाम एकच. म्हणून घाटात ब्रेकला इंजिनाची मदत पाहिजे.

फोर-स्ट्रोक ही मदत मनापासून करते. मूठ सोडली की हवेची वाट जवळपास बंद होते. चाके इंजिनाला फिरवू पाहतात, पण पिस्टनला प्रत्येक ओढीच्या धावेत पोकळीशी झगडावे लागते. शिवाय झडपांचे व इतर भागांचे घर्षण आहेच. या झगड्यात गाडीचा वेग आवरला जातो. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम याच पायावर उभा आहे.

टू-स्ट्रोकमध्ये हा अडसर फार दुबळा. मूठ सोडली तरी ती मोकळ्या बैलासारखी उताराला लागते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्याहून वाईट म्हणजे तेलाचा तो नियम. मूठ मिटलेली, म्हणजे पेट्रोल नाही. पेट्रोल नाही, म्हणजे तेल नाही. आणि चाके तर इंजिनाला भराभर फिरवीत आहेत. मिश्रणावर चालणारी टू-स्ट्रोक लांब उतारावर अशी कोरडी पडली, की पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचे चाक एकाएकी जाम होते. स्वीडनच्या साब कंपनीच्या १९५० व १९६० च्या दशकांतील टू-स्ट्रोक मोटारींना याच धोक्यामुळे अशी युक्ती बसवलेली असे, की चालकाने पाय उचलताच चाकांचा आणि इंजिनाचा संबंध सुटावा. इंजिन वाचे, पण गाडी आवरण्याचे सगळे काम ब्रेकवर पडे. टू-स्ट्रोकच्या स्वारापुढे हा पेच नेहमीचाच : इंजिनाला जपावे तर ब्रेक तापतो, ब्रेकला जपावे तर इंजिन कोरडे पडते.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांनी ती टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी उतारावर खालच्या गिअरमध्ये राहावे. थोड्याथोड्या वेळाने क्लच दाबून रेस द्यावी, म्हणजे मिश्रणाबरोबर तेल आत जाईल. ब्रेक सतत दाबून न धरता थोडा दाबावा, सोडावा. आणि महाबळेश्वरहून येताना प्रतापगडाच्या फाट्यावर गाडी दहा मिनिटे थंड होऊ द्यावी. भारी स्वाराने हा थांबा ऐच्छिक मानू नये.

एक घातक सवय मात्र दोन्ही जातींच्या स्वारांत आढळते. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर टाकून घाट उतरायचा. इंजिनाची मदत याने पूर्णपणे सुटते. शिवाय आजच्या इंधन फवारणीच्या बऱ्याच गाड्यांत, गाडी गिअरमध्ये असताना मूठ पूर्ण सोडली की पेट्रोल आपोआप थांबते. उलट न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवण्यासाठी ते खर्चावे लागते. बचतीच्या नावाने केलेली ही गोष्ट बचतही करीत नाही.

आणि फोर-स्ट्रोक घेतली म्हणजे निर्धास्त झालो, असेही नाही. आज बाजारात जिकडेतिकडे दिसणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटरी फोर-स्ट्रोकच आहेत. पण त्यांत खालचा गिअर टाकण्याची सोय नाही, आणि वेग उतरला की त्यांचा क्लच आपोआप सुटून इंजिनाचा आधार जातो. सपाटीवर त्या अत्यंत सोयीच्या. पण भारी स्वार, मागे दुसरा माणूस आणि लांब उतार असा योग असेल, तर त्यांच्या ब्रेकवर फार मोठा भार पडतो. विजेच्या गाड्यांत मोटरच उलटी वापरून वेग आवरण्याची आणि थोडी वीज परत मिळवण्याची सोय असते. ती घाटाला अनुकूल खरी. मात्र बॅटरी वरच्या गावी पूर्ण भरून घेतली, तर उतारावर परत येणारी वीज ठेवायला जागाच उरत नाही. घाट उतरायचा असेल, तर बॅटरीत थोडी जागा ठेवून निघावे.

निवड कशी करावी

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देऊ. वजन शंभराच्या पुढे असलेल्या आणि घाटात नेहमी जाणाऱ्या गृहस्थाने गिअरची फोर-स्ट्रोक मोटारसायकल घ्यावी. सिलिंडर निदान १२५ घनसेंटिमीटरांचा असावा. नेहमी दोघे बसणार असतील, तर १५० किंवा त्याहून मोठा. एवढे मोठे इंजिन कशाला? चढ तर लहान इंजिनही चढते. पण मोठे इंजिन तोच चढ न तापता, क्लच न जाळता चढते, आणि उतारावर अधिक आवरून धरते. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असावा. तो उघड्या वाऱ्यात असल्यामुळे लवकर निवतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरांवरील नव्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था सक्तीची झाली. कोकणातल्या पावसात ओल्या उतारावर पहिलीचा उपयोग अधिक.

गाडी पसंत करण्यापूर्वी तिच्या पुस्तिकेतील वजनाची मर्यादा वाचावी. स्वार, मागचा माणूस आणि सामान मिळून किती किलो चालतील, ते तेथे लिहिलेले असते. पुष्कळ गाड्यांची ही मर्यादा दीडशे किलोंच्या आगेमागे असते. ११० किलोंचे यजमान आणि ६० किलोंची गृहिणी एवढ्यानेच ती ओलांडली जाते, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. त्याच पुस्तिकेत दोघे बसल्यावर मागच्या टायरात किती हवा भरावी आणि मागचा शॉकॲब्सॉर्बर किती घट्ट करावा, हेही दिलेले असते. ते वाचायला पैसे पडत नाहीत.

जुनी टू-स्ट्रोक घ्यायचीच असेल, तर ती गावातल्या गावात, बाजारहाटापुरती घ्यावी; आणि हौस म्हणून घाटात नेलीच, तर एकट्याने, रिकाम्या हाताने आणि वर सांगितलेली पथ्ये पाळून न्यावी. भारी स्वाराने तिच्यावर दुसरा माणूस बसवून आंबेनळी किंवा वरंध उतरू नये. वजन हा शरमेचा विषय नाही. तो हिशेबात धरायचा एक आकडा आहे. म्हणून दुकानात गाडी पाहताना तो आकडा स्पष्टपणे सांगावा. गाडी चालवून पाहायला दिली, तर ती चढावर नेऊन आणावीच. पण तेवढ्यावर व्यवहार ठरवू नये. नेहमी मागे बसणाऱ्या माणसाला बसवून, दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला हात न लावता ती सावकाश खाली उतरवावी. इंजिन गाडीला आवरते की नाही, ते दोनशे पावलांत कळते. आणि पैसे मोजायचे ते ते कळल्यानंतर.